दोन खांबांमधली दोरी

मुदखेड जंक्शनवर गाडी बदलायला उतरलेल्या माणसाकडे वेळच वेळ असतो. नांदेडकडून आलेला मार्ग इथे फुटतो. एक फाटा उमरी, धर्माबाद, बासर करत सिकंदराबादेकडे जातो, दुसरा भोकर, हिमायतनगर, किनवट करत आदिलाबादेकडे. चहा पिऊन झाला, फलाट दोनदा पालथा घातला, की रूळ बघत बसण्याखेरीज उद्योग उरत नाही. बघता बघता वाटायला लागतं, की सगळी दुनिया इकडून तिकडे धावत असली तरी हे लोखंड तेवढं जागच्या जागी पडून आहे.

तसं नसतं. रूळ सरकतो.

रेल्वेतली माणसं याला ‘क्रीप’ म्हणतात. चाकाखाली रूळ कणभर दबतो आणि चाकाच्या पुढे त्याची बारीकशी लाट उठते. ती लाट रुळाला गाडीच्या दिशेने हलकेच रेटत जाते. ब्रेक लागला की चाकं रुळाला पुढे ओढतात. गाडी सुटताना इंजिनाची चाकं त्याला मागे ढकलतात. त्यात मराठवाड्याचं ऊन. एक किलोमीटर लांबीचा रूळ मोकळा सोडला आणि त्याचं तापमान ४० अंशांनी वाढलं, तर तो जवळजवळ अर्धा मीटर लांबेल. तो पसरू नये म्हणून त्याला स्लीपरांना करकचून जखडावं लागतं, पण जखडलेलं लोखंडही संधी मिळेल तिथे आपली वाट काढतं.

एकेरी मार्गावर जाणाऱ्या गाडीने पुढे नेलेलं येणारी गाडी बरंचसं परत आणते. दुहेरी मार्गावर एका रुळावरून सगळ्या गाड्या एकाच दिशेने जातात, त्यामुळे सरकणंही एकाच अंगाला साचत राहतं. परभणी ते मुदखेड हा सुमारे ८१ किलोमीटरचा पट्टा दुहेरी झाला आहे. मुदखेडच्या पुढे सिकंदराबादेच्या बाजूला दुसरा रूळ टाकायला केंद्राची मंजुरी २०२३ मध्ये मिळाली.

रूळ सरकला की सांध्यातली फट एकीकडे मिटते, दुसरीकडे रुंदावते. स्लीपर तिरपे होतात. रूळ बदलण्याच्या जागी जिभल्या नीट बसत नाहीत. आणि फट पार मिटलेली असताना मे महिन्याचं ऊन लागलं, तर रूळ सापासारखा वाकू शकतो. एवढा उत्पात करणारी ही गोष्ट डोळ्यांना मात्र दिसत नाही. रोज त्याच रुळावरून चालणाऱ्या चावीवाल्यालाही ती नुसत्या नजरेने कळणार नाही.

म्हणून रेल्वेने एक साधा उपाय ठेवला आहे. साधारण किलोमीटरभराच्या अंतराने, मार्गाच्या दोन्ही अंगांना, समोरासमोर दोन खांब गाडायचे. बहुतेकदा ते जुन्या रुळाचेच तुकडे असतात. खांबांच्या माथ्यावर छिन्नीची खूण आणि रुळावरही खूण. ठरलेल्या मुदतीला या खांबापासून त्या खांबापर्यंत दोरी ताणायची आणि रुळावरची खूण दोरीपासून किती हलली ते मोजायचं. नियमाची मर्यादा १५० मिलिमीटर आहे, म्हणजे वीतभरही नाही. त्यापुढे रूळ ओढून मूळ जागी आणावाच लागतो.

हे दोन खांब आणि ही दोरी माझ्या डोक्यातून जात नाहीत. इंग्रजीत ‘ड्रिफ्ट’ हा एकच शब्द खंडांच्या सरकण्याला, जनुकांच्या भरकटण्याला, काट्याच्या बिघाडाला, व्यवसायाच्या वाट चुकण्याला आणि शर्यतीतल्या मोटारीच्या घसरण्यालाही चालतो. मराठीत प्रत्येकाचं क्रियापद वेगळं. जमीन सरकते, पाण्यातला ओंडका वाहवतो, ढोर भरकटतं, पाय घसरतो, मन ढळतं. या सगळ्यांना एका दोरीवर मोजता येईल का, हे बघायला मुदखेडइतकी सोयीची जागा नाही. कारण इथली जमीनच मुळात परगावाहून आलेली आहे.

लॅम्बटनचं थडगं दहा मीटर

नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे गेलात की पायाखालचा खडक बदलतो. पश्चिमेकडून आलेला काळा पाषाण संपतो आणि ग्रॅनाइटचे गोल गुळगुळीत धोंडे दिसू लागतात. ही दख्खनच्या लाव्ह्याची पूर्वेकडची किनार. तो लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी बाहेर पडला, तेव्हा भारताची भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. हिंदी महासागरात आज जिथे रियुनियन बेट आहे, तिथल्या खोल उष्णतेच्या झऱ्यावरून आपण तेव्हा जात होतो, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. ते बेट आजच्या मुदखेडपासून सुमारे पाच हजार किलोमीटरवर आहे. त्या काळी भारत वर्षाला १५ सेंटीमीटरहून अधिक वेगाने उत्तरेकडे निघाला होता. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला धडकल्यावर वेग मंदावला. आता तो वर्षाला पाच सेंटीमीटरच्या आसपास आहे, साधारण नखं वाढतात त्या गतीचा.

खंडं सरकतात हे पहिल्यांदा ठामपणे मांडणारा आल्फ्रेड वेगेनर हवामानशास्त्रज्ञ होता. त्याने १९१२ मध्ये कल्पना मांडली, १९१५ मध्ये पुस्तक लिहिलं आणि १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात तो मरण पावला. विद्वानांनी त्याची थट्टा केली, हे आपण शाळेत वाचतो. त्याच्या बाजूनेही एक चूक झाली होती, ते फारसं सांगितलं जात नाही. ग्रीनलंड सरकतो याचा पुरावा म्हणून त्याने वेगवेगळ्या काळी मोजलेले रेखांश ताडून पाहिले, आणि वेग निघाला वर्षाला कित्येक मीटर. खरा वेग काही सेंटीमीटरच आहे. रेखांश काढायचा तर वेळ अचूक हवी. वेळेत एका सेकंदाची चूक झाली, तर विषुववृत्तावर जागा सुमारे ४६० मीटरने हलते. म्हणजे रूळ सरकतो हे वेगेनरचं म्हणणं बरोबर होतं, पण त्याचा खांबच डळमळत होता.

अचूक खांब रोवण्याचं वेड घेतलेला एक माणूस त्याच्या शंभर वर्षं आधी याच मुलखातून गेला. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणांची साखळी सुरू केली. तिचा कणा, म्हणजे तो प्रसिद्ध ‘ग्रेट आर्क’, ७८ व्या रेखांशाच्या जरा अलीकडून उत्तरेला चढत गेला. बीदरजवळ दामरगिड्डा इथे १८१५ मध्ये एक पायारेषा मोजली गेली, पुढची एलिचपूरच्या बाजूला. दोन्हींच्या मधोमध आजचा नांदेडचा पूर्वभाग येतो. मुदखेड साडेसत्त्याहत्तर रेखांशावर, म्हणजे त्या साखळीच्या कुशीतच आहे. अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट माणसांच्या खांद्यावरून टेकड्यांवर चढवत, ज्वराने मरणारी माणसं मागे ठेवत ती साखळी पुढे सरकली. २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्बटन हिंगणघाटला वारला. त्याचं थडगं तिथेच आहे.

वर्षाला पाच सेंटीमीटरच्या हिशेबाने ते थडगं आजवर ईशान्येकडे सुमारे दहा मीटर गेलं आहे. त्याच्यासोबत हिंगणघाट, मुदखेड, बीदर सगळंच तेवढं गेलं. लॅम्बटनचे त्रिकोण मात्र मोडले नाहीत, कारण तिन्ही कोपरे एकत्रच हलले. हे सरकणं दिसायला उपग्रह लागले, म्हणजे भारताच्या बाहेर उभा असलेला खांब लागला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या आवारातलं जीपीएस केंद्र वर्षानुवर्षं हेच टिपत बसलं आहे. आपण सगळे एकाच गतीने एकाच दिशेला वाहवत असलो, तर आपापसांत कितीही मोजमाप केलं तरी कळणार नाही. हे वाक्य मी भूगोलाविषयी लिहिलं आहे, पण गाव, पक्ष, धंदा यांनाही ते लागू पडतं.

माळवद

सगळं एकत्र सरकलं असतं तर किल्लारी घडली नसती. उत्तरेला हिमालयाची भिंत आहे, मागून रेटा चालू आहे, आणि मधल्या जुन्या खडकात कुठेतरी ताण साचत राहतो. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती बोळवून थकलेली गावं झोपली असताना, तो ताण लातूर-उस्मानाबादच्या सीमेवर सुटला. तीव्रता ६.२ च्या आसपास. हजारो माणसं गेली. नंतर किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं, तेव्हा वरचे ३३८ मीटर काळा पाषाण लागला, त्याखाली आठेक मीटर गाळ आणि मग अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक. त्या वेळच्या भूकंपनकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या पट्ट्यात आला.

पण भूकंपाइतकंच मारलं ते घरांनी. मातीत बसवलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती, लाकडी खांब-तुळया आणि वर मातीचं माळवद. मराठवाड्याच्या उन्हात असं घर म्हणजे वरदान. पावसाळ्याच्या तोंडावर गळती लागू नये म्हणून माळवदावर मातीचा थर द्यायचा, ही रीत. एका वर्षाची माती फार नसते. चार टोपली अधिक पडली म्हणून कोणाचं घर कधी पडलं नव्हतं. पण बाप टाकतो, मुलगा टाकतो, नातू टाकतो, आणि एक दिवस डोक्यावर कित्येक टनांचं ओझं असतं. त्यात कोणाची बेपर्वाई नव्हती. घर जपण्यासाठीच ती माती टाकली होती.

अपघातांचा अभ्यास करणारे याच प्रकाराबद्दल बोलतात. २८ जानेवारी १९८६ ला ‘चॅलेंजर’ यान फुटलं, त्याचा मागोवा घेताना समाजशास्त्रज्ञ डायान व्हॉन यांना दिसलं, की सांध्यातल्या रबरी कड्या आधीच्या उड्डाणांतही झिजल्या होत्या. दर वेळी यान सुखरूप परतलं आणि दर वेळी ‘एवढी झीज चालते’ची रेषा थोडी पुढे गेली. सिडनी डेकर यांनी पुढे याला अपयशाकडे वाहवत जाणं म्हटलं. माळवदाला मर्यादेची खूण कोणी केलेली नव्हती. एका खांबावर ‘इथवर माती’ अशी रेघ असती, तर दोरी ताणता आली असती. १९९२ मध्ये किल्लारी परिसरात लहान धक्के बसले होते, पण ते वाचायला लागणारी पट्टी गावाकडे नव्हती. नंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. नव्या घरांना माळवद नव्हतं.

एक वळू, शंभर गाई

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची खंडोबाची जत्रा जनावरांसाठी नावाजलेली. तिथे लाल कंधारी दिसते, गडद तांबडी, बांधेसूद, कंधार तालुक्याचं नाव मिरवणारी. लातूरकडून देवणी येते. तिच्यातही प्रकार आहेत. चेहऱ्याच्या बाजूंना काळं असलेली वानेरा, पांढरीशुभ्र बालंक्या, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची शेवेरा. पारखी माणूस लांबूनच सांगतो.

या जाती टिकवायच्या तर निवड चांगली हवी, एवढं सगळ्यांना कळतं. निवडीशिवायही जात बदलत असते, हे चटकन ध्यानात येत नाही. लाल आणि पांढऱ्या ज्वारीचं निम्मं-निम्मं बी असलेल्या राशीतून डोळे मिटून दहा दाणे उचला. पाच-पाच येतील असं नाही; सात-तीनही येतील. तेवढेच पेरले, पुढच्या वर्षी पुन्हा दहा उचलले, असं चालू राहिलं, तर काही वर्षांत एक रंग राशीतून कायमचा जाईल. लालने पांढऱ्याला हरवलं असं यात काही नाही. मूठ लहान होती, एवढंच. सीवॉल राइट या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९२०-३० च्या दशकांत याचं गणित मांडलं. त्याला आनुवंशिक विचलन म्हणतात, म्हणजे नशिबाने होणारी गळती.

राइटच्या सूत्रात एक वळू आणि शंभर गाई घाला. डोळ्यांना एकशे एक जनावरं दिसतात. विचलनाच्या दृष्टीने तो कळप चार जनावरांइतकाच असतो, कारण पुढच्या पिढीचा अर्धा वाटा एकाच वळूकडून येतो. तेवढ्याच गाईंना दहा वळू दिले तर आकडा छत्तीसवर जातो. ट्रॅक्टर आल्यावर बैल कमी झाले, बैल कमी झाल्यावर वळू कोणी पाळेना, आणि कृत्रिम रेतनात एकाच वळूची नळी हजारो गाईंपर्यंत पोचते. देवणी दिसायला देवणीच राहील, पण आतल्या आत एकेक गुण गळून जाऊ शकतो. उन्हात टिकणं, कडब्यावर भागवणं, हे गुण शिंगांसारखे वरून दिसत नाहीत.

इथेही खांब आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे जातींची अधिकृत नोंद असते. लाल कंधारी आणि देवणी दोन्ही त्यात आहेत. मात्र कागदावरची नोंद म्हणजे नुसता खांब. दोरी ताणायचं काम गोठ्यात होतं. कोणत्या वळूची कालवड, कोणत्या गाईची, कोणाला दिली, हे वहीत लिहिणारा गोपालक असतो तिथे.

काटा आणि पॅटर्न

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन आणि तूर तोलली जाते, तिथे ‘ड्रिफ्ट’चा अर्थ अगदी रोकडा आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याच्या आत धातूचा एक ठोकळा वजनाने किंचित वाकतो आणि ते वाकणं विजेच्या भाषेत मोजलं जातं. सततच्या ओझ्याने आणि उन्हाने त्याचं शून्य सरकतं. म्हणून वैधमापन खातं दर वर्षी प्रमाणित वजनं ठेवून काटा तपासतं आणि शिक्का मारतं. ऊस उत्पादकांच्या तोंडी असलेली काटामारी वेगळी. तिच्यात हात असतो. काट्याच्या सरकण्यात कोणाचाच हात नसतो, आणि म्हणूनच त्यावर कोणी भांडत नाही. पण शेतकऱ्याच्या पोत्यातून गेलेले दाणे दोन्हीकडे सारखेच.

धंद्याचं आणि संस्थेचं शून्य कसं सरकतं हे सांगणारी गोष्टही लातूरची आहे. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चं. प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या काळात तिथे जे घडलं ते पुढे ‘लातूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजलं. जादा तास, पाठोपाठ सराव परीक्षा, चुकांची उजळणी, आणि हे सगळं करणारे कॉलेजातलेच प्राध्यापक. खेड्यातल्या मुलाला पुण्या-मुंबईच्या मुलाच्या बरोबरीने बोर्डाच्या परीक्षेत उभं करणं, हा त्यामागचा हेतू. मग बोर्डाच्या गुणांपेक्षा प्रवेशपरीक्षा मोठी झाली, नंतर ‘नीट’ आली. अभ्यासाचं केंद्र वर्गातून खासगी शिकवणीकडे गेलं, शिकवणीभोवती वसतिगृहं, खाणावळी, अभ्यासिका उभ्या राहिल्या. आज लातूरचं अर्थकारण त्यावर चालतं. यातली एकही पायरी चुकीची म्हणता येत नाही. प्रत्येक पायरी त्या त्या वर्षाच्या गरजेला उत्तर होती. गेरी जॉन्सन या व्यवस्थापन अभ्यासकाने १९८० च्या दशकात अशाच प्रवासाला ‘स्ट्रॅटेजिक ड्रिफ्ट’ म्हटलं. संस्था रोज थोडी बदलते, भोवतालचं जग त्याहून वेगाने बदलतं, आणि मूळ प्रश्नाशी असलेलं अंतर कोणी मोजत नाही. इथे मूळ प्रश्न खेड्यातल्या मुलाचा होता. शिकवणीची फी भरू न शकणारं मूल आज या पॅटर्नमध्ये कुठे बसतं, एवढीच दोरी ताणून बघावी.

बदल नकोच, असं म्हणायचं नाही. याच मुदखेडवरून मीटरगेज गेलं आणि ब्रॉडगेज आलं. दोन रुळांमधलं अंतर १००० मिलिमीटरवरून १६७६ झालं, म्हणजे ६७६ मिलिमीटरचा फरक. ठरवून, आखून, गाड्या बंद ठेवून केलेला फरक. त्याने कुणाचा घात झाला नाही. न ठरवता, न मोजता झालेले १५० मिलिमीटर मात्र गाडी पाडू शकतात.

घसरण्याची कला

राहिली मोटार. काळा पाषाण झिजून काळी माती झाली, आणि पावसात तिच्यावर गाडी घातलेल्या कुणालाही घसरणं शिकवावं लागत नाही. ही माती पाणी प्याली की फुगते, साबणासारखी होते. टायरच्या खाचा भरतात, मागचं अंग सुटतं, आणि जीप सरळ निघालेली असताना शेपूट रस्ता सोडून बांधाकडे निघतं. नवखा ड्रायव्हर घाबरून ब्रेक दाबतो आणि गाडी आडवी करतो. मुरलेला माणूस ब्रेकवरून पाय काढतो आणि शेपूट ज्या बाजूला गेलं त्याच बाजूला स्टीअरिंग फिरवतो.

जपानी घाटरस्त्यांवर याचीच कला झाली. मोटारसायकलवरून मोटारीकडे आलेल्या कुनिमित्सु ताकाहाशीने १९७० च्या दशकात वळणावर गाडी मुद्दाम आडवी घालून वेगाने बाहेर काढायचं तंत्र दाखवलं. केईची त्सुचियाने ते लोकप्रिय केलं. २००० मध्ये एबिसूच्या धावपट्टीवर ‘डी-१’ स्पर्धा सुरू झाली. गंमत अशी, की पक्क्या डांबरावर असं घसरत जाणं सरळ पकड ठेवून जाण्यापेक्षा हळू पडतं. सैल माती-खडीच्या रॅलीत मात्र तेच वेगाचं साधन ठरतं. म्हणून या स्पर्धेत घड्याळ बघत नाहीत. गाडीची रेषा, तिचा कोन, तिचा वेग, यांना गुण देतात.

ते गुण कशाच्या आधारे द्यायचे? वळणावर ठरलेल्या जागी खुणा ठेवलेल्या असतात. त्यांना ‘क्लिपिंग पॉइंट’ म्हणतात. घसरणाऱ्या गाडीचं नाक किंवा शेपूट त्या खुणेच्या किती जवळून गेलं, ते पंच बघतात. घसरण्याचाच खेळ, पण खुणा काढून घेतल्या तर उरतो तो नुसता धूर. चालक गाडीच्या नाकाकडे बघत नाही. जिथे पोचायचं त्या खुणेकडे मान वळवलेली ठेवतो.

अढळ

आपल्याकडे न ढळण्याचा मान ध्रुवाचा. सावत्र आईने बापाच्या मांडीवरून उठवलेल्या पोराला मिळालेली जागा, जिच्यावरून कोणी उठवू शकत नाही. खगोलशास्त्र तिथेही दोरी ताणतं. ध्रुवतारा आजही नेमक्या ध्रुवबिंदूवर नाही, पाऊण अंशाहून थोडा कमी बाजूला आहे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा झुलत सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा करतो, त्यामुळे पाच हजार वर्षांपूर्वी ध्रुवाच्या जागी दुसराच तारा होता आणि पुढे आणखी कोणी येईल. तरीही या ताऱ्यावर भरवसा ठेवून शतकानुशतकं होड्या किनाऱ्याला लागल्या. त्यांच्या प्रवासापुरता तो पुरेसा स्थिर होता.

मुदखेडच्या बाजूला गाडलेले खांबही लॅम्बटनच्या थडग्याबरोबर दर वर्षी पाच सेंटीमीटर निघालेलेच आहेत. चावीवाल्याला त्याची फिकीर नाही. त्याला खंडाचं काही मोजायचं नाही. या रुळाचं या जमिनीशी नातं तेवढं बघायचं आहे. खांब रुळापेक्षा शांत असला की त्याचं काम भागतं.

आदिलाबादची गाडी लागली. डब्याच्या खिडकीतून मार्गालगतचा एक खांब मागे गेला, गंजलेला, गवतात अर्धा बुडालेला. त्याच्या माथ्यावरची खूण धावत्या गाडीतून काही दिसली नाही. तिच्यासाठी गाडीतून उतरून, गवत बाजूला सारून, खांबाजवळ वाकावं लागतं, आणि पलीकडच्या खांबापाशी दोरीचं दुसरं टोक धरायला आणखी एक माणूस लागतो.